एकशे बारा पहिली आवतनं

वैजनाथ गुरुजींना निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण दुसऱ्याच्या वहीत डोकावायची खोड काही निवृत्त झाली नव्हती. घरात आता वह्या नव्हत्या, सुनेचा लॅपटॉप होता. रेश्मा पुण्याच्या कंपनीचं काम शेवगावजवळच्या या गावात, पुढच्या खोलीत टेबल टाकून करायची. तिच्या खुर्चीमागे गुरुजी हात पाठीशी बांधून उभे राहायचे, वार्षिक परीक्षेला राहायचे तसे.

"आज एवढ्या लवकर कसं उरकलं गं? काल पडद्यावरची ही रेघ जेवनापतुर, चाळीस मिन्टं सरकत हुती."

"मामा, काल एकच कोर काम करत होता. आज आठही लावले."

"कोर म्हंजी?"

रेश्माने खुर्ची वळवली. सासऱ्यांना अर्धवट उत्तर दिलं तर ते जेवताना पुन्हा विचारतात, हे तिला तीन वर्षांत कळलं होतं. "समजा, या मशीनच्या पोटात आठ गडी आहेत. माझ्याकडे नावांची मोठी यादी आहे आणि प्रत्येक नावावर तेच एक काम करायचंय. काल एकच गडी पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत चालत गेला, बाकीचे सात बांधावर बसून राहिले. आज यादीचे आठ तुकडे केले, एकेकाला एकेक दिला आणि सगळ्यांना एकदम सोडलं."

"म्हंजी आठानं भागायचं? चाळीस मिन्टाची पाच?"

"सात लागली. वाटून द्यायला न् गोळा करायलाही वेळ जातोच की."

"आन ह्ये गडी आपसात बोलत न्हाईत?"

"अजिबात नाही. म्हणून तर पटापट होतं. अट एवढीच, की एका नावाचं काम दुसऱ्या नावावर अडलेलं नको."

गुरुजी ऐकत होते, पण त्यांच्या डोक्यात दुसरीच यादी सुरू झाली होती. पुढच्या रविवारी नातवाचं, पार्थचं, जावळ होतं. गावातल्या एकशे बारा घरांना आवतन द्यायचं होतं. आवतन काही फोनवर देत नाहीत, दारात जावं लागतं. दारात गेलं की चहा आला आणि चहामागून गप्पा आल्या. दोन दिवस त्यातच जातात. त्याचं गुरुजींना काही नव्हतं. खरं दुखणं होतं ते पहिल्या घराचं.

गावाची रीत अशी, की ज्या घरी पहिलं आवतन जाईल त्या घरच्या कर्त्याने नारळ घेऊन यायचं, आणि तो नारळ फुटल्याशिवाय पंगतीने घास उचलायचा नाही. गुरुजींना दोन चुलते होते, भिमाजी आणि काकासाहेब; भिमाजींना ते आप्पा म्हणत, काकासाहेबांना तात्या. दोघे एकमेकांचे चुलतभाऊ, एकाच पोळ्याला जन्मलेले, त्यामुळे थोरला कोण याचा निकाल ब्रह्मदेवालाही लावता आला नसता. अकरा वर्षांपूर्वी लेकीच्या लग्नात गुरुजी वाटेवर पडतं म्हणून आधी भिमाजींच्या दारात गेले. "उरलंसुरलं आवतन मला नगं," म्हणून काकासाहेब आलेच नाहीत. पुढे मुलाच्या, सुनीलच्या लग्नात गुरुजींनी चूक सुधारली आणि आधी काकासाहेबांकडे गेले. तेव्हा भिमाजी पानावरून उठले. तेव्हापासून एक असेल तिथे दुसरा नाही.

वडील लवकर गेले तेव्हा याच दोघांनी वैजनाथला वाढवलं होतं. एकाने शाळेत घातलं, दुसऱ्याने शाळेत जायला सायकल दिली. लहानपणी प्रत्येक पंगतीत तो या दोघांच्या मधे बसून जेवला होता. आता दोघे ऐंशीच्या घरात आलेले. आपल्या पायाने लावलेलं हे भांडण आपल्या डोळ्यांदेखत मिटावं, नातवाच्या जावळाला दोघांनी एका पंगतीत बसावं, एवढीच गुरुजींची इच्छा होती.

"रेश्मा, आठ गडी एकदम सोडले, तर दोन गडी दोन दारांत एकाच मिन्टाला पोचतील का?"

"घड्याळ लावून सोडले तर पोचतील."

"आन एका घराचं आवतन दुसऱ्या घरावर अडलेलं न्हाई. दार येगळं, चूल येगळी. व्हय ना?"

"हो," रेश्मा म्हणाली. तिची मीटिंग सुरू होत होती. हा 'हो' तिने नीट विचार करून दिला नव्हता, हे तिने नंतर स्वतःच कबूल केलं.

गुरुजी तडक कामाला लागले. एकशे बारा भागिले आठ, बरोबर चौदा घरं. मुलगा सुनील, पुतणी दिपाली, बहीण झुंबरबाई आणि भावकीतले पाच जण, असे आठ गडी जमवले. सुनीलच्या यादीत पहिलं घर भिमाजींचं, दिपालीच्या यादीत पहिलं काकासाहेबांचं. मग त्यांनी शाळेतल्या वळणदार अक्षरात चिठ्ठी लिहिली: 'पार्थचं जावळ आहे, रविवारी दहाला जेवायला यावं. पहिलं आवतन तुमचंच, नारळ घेऊन यावं.' चिठ्ठी लिहिताना गुरुजींच्या डोळ्यांपुढे दोनच घरं होती, ही त्यांची चूक. आणि तिच्या आठ प्रती काढल्या, ही त्यांची प्रगती.

"आबा, समद्या घरी ह्येच म्हनायचं?" सुनीलने विचारलं.

"एक शब्द बदलायचा न्हाई. काम तेच, नावं येगळी. बायकोला इचार तुझ्या. आन कुनी चहा घ्यायचा न्हाई."

गुरुवारी सकाळी आठ वाजता आठही जण सुटले. नऊला सात जण परत आले, प्रत्येकाच्या यादीवर चौदा बरोबरच्या खुणा. भिमाजींनी आणि काकासाहेबांनी, दोघांनीही मान हलवून "येतो" म्हटलं होतं. गुरुजींना आभाळ ठेंगणं झालं. झुंबरबाई मात्र साडेअकराला उगवल्या, चौदा घरचे चौदा चहा पिऊन.

"आमच्याकडेही असा एखादा कोर निघतो," रेश्मा म्हणाली. "मग सगळं काम त्याच्यापायी थांबतं."

शनिवारी संध्याकाळी गुरुजी सुपारी आणायला दुकानात गेले, तर दुकानदार म्हणाला, "गुरुजी, गावातले नारळ खलास! शेवगावास्नं दोन पोती मागवली, तीबी गेली. कुनाचं काय हाय उद्या?"

"आमचंच जावळ हाय की," गुरुजी म्हणाले. गावात अचानक एवढे नारळ कशाला लागले असतील, याचं त्यांना फार कुतूहल वाटलं. वाटेत तिघा-चौघांना त्यांनी विचारलंही. प्रत्येकाने गालात हसून सांगितलं, "आता तुमीच इचारता व्हय!" गुरुजी त्याच कुतूहलात घरी आले आणि निवांत झोपले.

रविवारी पावणेदहाला गल्लीच्या वरच्या टोकाने भिमाजी आले आणि खालच्या टोकाने काकासाहेब. दोघांच्या हातात नारळ, दोघांच्या डोक्यावर कडक इस्त्रीची टोपी. गुरुजींचे डोळे भरून आले. ते दोन्ही हात पसरून पुढे झाले आणि तेवढ्यात त्यांना भिमाजींच्या मागे बनुबाई दिसल्या, हातात नारळ. त्यांच्या मागे रंगनाथ, हातात नारळ. काकासाहेबांच्या मागून तर अख्खी खालची आळीच येत होती, आणि नारळाशिवाय त्यात एकही हात नव्हता.

"बनुबाई, नारळ कशापायी आनला?" भिमाजींनी विचारलं.

"अवं, पैलं आवतन आमाला हुतं. झुंबरबाईनं वाचून दावलं की!"

"तुमाला कसं? आमाला हुतं," रंगनाथ म्हणाला.

मग एकच गलका झाला. जो तो चिठ्ठी पाठ म्हणून दाखवू लागला, आणि सगळ्यांचं पाठांतर अगदी बिनचूक होतं. रेश्मा आवाज ऐकून बाहेर आली. तिने सुनीलच्या खिशातली चिठ्ठी वाचली आणि कपाळावर हात मारला.

"मामा, हे वाक्य सगळ्यांना?"

"तूच म्हनलीस, समद्यांना एकच काम. एक दुसऱ्यावर अडलेलं नको."

"पण 'पहिलं' हे दुसऱ्यावर अडलेलंच असतं ना! बाकीचे कुठे आहेत ते कळल्याशिवाय कुणी पहिलं कसं ठरेल? आणि आपले गडी तर एकमेकांशी बोलतच नाहीत."

गुरुजींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अशा वेळी शरम वाटायला हवी होती, पण आधी त्यांना वाटलं, अरेच्चा, किती सोपं होतं! शरम त्याच्या मागून आली. ते ओट्यावर चढले आणि हात जोडून म्हणाले, "मंडळी, चूक माझी हाय. दोघांचा मान राखायला गेलो आन एकशे बारा मान करून बसलो. आता काय करायचं ते तुमीच सांगा."

गाव मोठ्या मनाचं, शिवाय भुकेलं. "समद्यांनी एकदमच फोडा की!" कुणीतरी ओरडलं. रेश्माने एक, दोन, तीन म्हटलं आणि अंगणातल्या, गल्लीतल्या, शेजारच्या ओट्यावरच्या दगडांवर नारळ आपटले. पार्थने भोकाड पसरलं. पाण्याने सडा झाला. पंगत पानांवर बसली, आणि मग लक्षात आलं की फुटले ते एकशे दहाच. भिमाजी आणि काकासाहेब नारळ छातीशी धरून उभे होते.

"वैजा," भिमाजी समोर बघत म्हणाले, "शंभरातला एक हुयाला मी आलेलो न्हाई. त्याला सांग, फोड म्हनावं. माझा शेवटी."

"वैजा, त्याला म्हन, शेवटचा मान माझा. आधी त्यानं फोडावा."

"वैजा, त्याला सांग, तो फोडत न्हाई तवर मी फोडत न्हाई."

"वैजा, त्याला बी ह्येच सांग."

अकरा वर्षं जे पहिलेपणासाठी भांडले, ते आता शेवटच्या नंबरासाठी अडून बसले. आमटी निवत चालली. लापशीवर साय धरली. पंगत पानाकडे आणि पानावरून म्हाताऱ्यांकडे बघत होती. गुरुजी निरोप पोचवून घामाघूम झाले.

"रेश्मा," त्यांनी हळूच विचारलं, "तुमच्या मशिनीत असं व्हतं का गं? ह्यो त्याच्यासाठी थांबलाय, त्यो ह्याच्यासाठी?"

"होतं की. सगळं जागच्या जागी अडकतं."

"मग तुमी काय करता?"

"दोघांपैकी एकाला बंद करतो."

गुरुजींनी दोन्ही चुलत्यांकडे पाहिलं. "ते आपल्याला जमायचं न्हाई," ते म्हणाले.

एवढ्यात त्यांच्या पत्नी चांगुणाबाई स्वयंपाकातून बाहेर आल्या. सकाळी चारपासून त्या चुलीपुढे होत्या, आणि कोर, यादी, पहिला, शेवटचा यातलं काही त्यांना ऐकायचं नव्हतं. त्यांनी एका हाताने भिमाजींचा नारळ घेतला, दुसऱ्या हाताने काकासाहेबांचा, आणि एकावर एक खाडकन आपटले. एक फुटला. एक तसाच राहिला.

"वाढा गं!" त्या म्हणाल्या आणि दोन्ही नारळ परातीत टाकून आत गेल्या.

भिमाजी परातीवर वाकले. काकासाहेबही वाकले.

"तुझा फुटला," भिमाजी म्हणाले.

"हट्! तुझा फुटला. माझ्याची शेंडी लांब हुती."

"शेंडी? अरं, शेंड्या तर दोनीबी झडल्यात!"

"मग तुला कसं ठावं माझाच फुटला ते?"

बोलत बोलतच दोघे पंगतीच्या टोकाला मांडीला मांडी लावून बसले, परात मधे घेऊन. गुरुजी लापशीचं पातेलं घेऊन वाढायला वाकले. डोळ्यांतलं पाणी पानात पडू नये म्हणून त्यांनी तोंड फिरवलं आणि सवयीने म्हणाले, "तात्या, आप्पा म्हनत्यात की—"

"वैजा," काकासाहेब मान वर न करता म्हणाले, "तू मधी बोलू नगंस. आमचं चाललंय."