पावट्याच्या शेंगा आणि बंद दार

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. रविवारी दुपारी ती झोपलेली असताना बेल वाजली की मी टीव्ही बंद करतो आणि स्वतःच्याच घरात चोरासारखा दारामागं उभा राहतो. बाहेर चंदगडकर सर असतात.

सर बेळगावला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. आता जे. पी. नगरात आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. खाली कोपऱ्यावर भाजीवाली आहे, तिच्याकडं ते बघतही नाहीत. बस बदलत शहराबाहेर आनेकलला जातात, शेतावरून पावट्याच्या शेंगा घेतात आणि दोन फुगलेल्या पिशव्या ओढत, धापा टाकत परत येतात.

"सर, ॲपवर भाजी मागवली की दहा मिनिटांत दारात," मी एकदा म्हणालो.

"चिंपांझी पण हेच म्हणंल की हो! कमी हलायचं, हाताला येईल ते चघळायचं, त्यातच दिवस घालवायचा. माणूस बघा. जीव काढून हिंडतो, पण थोडक्या वेळात पोटापेक्षा जास्त आणतो. म्हणून तर बसून बोलायला वेळ उरतो त्याला."

"पण एवढी दमछाक परवडते?"

"घरात खाणारं असलं तर परवडते. नसलं तर वानर बरा. मिळालं तिथंच बसून खातो."

मग ते माझ्या सोफ्यावर बसून संध्याकाळपर्यंत शेंगा सोलायचे. मी जेवत असलो तर जबड्याकडं टक लावून बघायचे. "किती चावालायसा! गोरिला काय तुम्ही?" हसायला यायचं, पण माझा रविवार संपायचा. एक दिवस मी दार उघडलं नाही. मग तेच अंगवळणी पडलं.

मागच्या रविवारी बायको पुण्याला गेली होती. मी बिर्याणी मागवली. बेल वाजली, दाराच्या भिंगातून पाहिलं, तर सर. मी श्वास रोखला. तेवढ्यात त्यांच्यामागं लिफ्ट उघडली. डिलिव्हरीवाला बाहेर आला आणि त्यानं सरळ फोन लावला.

फोन माझ्या खिशात होता. दाराच्या या बाजूला तो खणखणून वाजला. मी तो घाईनं बंद केला.

मग सरांचा आवाज आला, अगदी हळू. "स्वल्प हळू, अण्णा. साहेब झोपलेत. इथं ठेव."

डिलिव्हरीवाला पार्सल ठेवून गेला. सरांनी पिशवीतून दोन पेरू काढले. एक वाकून माझ्या पार्सलशेजारी ठेवला. वरच्या त्यांच्या घरात बायको वारल्यापासून दुसरं कुणी नाही. ते वर गेलेच नाहीत. जिन्याच्या पायरीवर टेकले आणि दुसरा पेरू तिथंच बसून खाल्ला.

मी भिंगाला डोळा लावून तो संपेपर्यंत बघत राहिलो. कडी हाताखालीच होती.

माझ्या वाटणीचा पेरू मी नंतर खाल्ला. सरांना दार उघडून आत बोलावणं माझ्याकडून अजून बाकी आहे.