गुणाजीकाकांनी धरलेलं सुतक

टीव्हीवर राजा आला की गुणाजीकाका उठून उभे राहायचे. डोक्यावरची गवताची टोपी काढून पोटाशी धरायचे आणि राजा खाली बसेपर्यंत स्वतः बसायचे नाहीत. अडचण एवढीच, की त्या मालिकेतला राजा कधी बसतच नसे. किल्ल्याच्या तटावर उभं राहून समुद्रावरच्या धुक्याकडे बघणं हा त्याचा मुख्य उद्योग. त्यामुळे मॉरिशसमधल्या सांत्र द फ्लाकच्या बाजारात दिवसभर भोपळे आणि कोथिंबीर विकून आलेले काका संध्याकाळी पुन्हा पाऊण तास उभेच.

काकी आतून ओरडायच्या, "आज तरी बसला काय तुमचा राजा? गुडघे रात्री मी चोळायचे!"

"मो दिर त्वा," काका म्हणायचे, "मोठ्या मानसाच्या म्होरं बसायचं नसतंय."

'मो दिर त्वा', म्हणजे 'मी सांगतो तुला', हे क्रेओल शब्द त्यांच्या प्रत्येक वाक्याच्या दाराशी उभे असत. भोपळ्याचं वजन सांगतानाही आधी तेच.

मी त्यांच्या आवारातल्या पत्र्याच्या खोलीत राहायचो. मूळचा चिपळूणकडचा, सातवीत शाळा सुटलेला, शिलाईची यंत्रं दुरुस्त करणारा. एकोणीसशे ऐंशीनंतर मॉरिशसमध्ये कपड्यांचे कारखाने भराभर निघाले, तेव्हा ओळखीतून मलाही तिकडे काम मिळालं. क्रेओल येत नव्हती, फ्रेंच तर त्याहून नाही. उठलो की एकच घोर: आज काय चुकेल, साहेब काय बोलेल, घरून काय कळेल. काकांच्या पणजोबांनी कोकण सोडून शंभराच्या वर वर्षं झाली होती, पण माझं गाव ऐकल्यावर काका असे हसले जणू तिथून कालच निघाले असावेत. पहिल्याच दिवशी म्हणाले, "वायली चूल मांडायची नाय. रांधप एकच." म्हणजे वेगळी चूल नको, स्वयंपाक सगळ्यांचा एकच. 'रांधप एकच', हे दोन शब्द मी अजून विसरलो नाही.

मालिका फ्रेंच बोलायची. काका ती मला त्यांच्या मराठीत सांगायचे. "आता राजा बोलतो, भावा, जाऊ नको. भाऊ बोलतो, जानारच. आता धुकं आलं. आता ती जादूवाली म्हातारी आली, हिचं काय आयकू नको, ही खोटारडी हाय." मालिकेत पंख असलेला एक अजस्र सर्पही होता. तो तोंडातून आग सोडायचा, पण काकांना वेगळीच काळजी. "येवढं जनावर, ह्याला चारा कोन घालतो ते एक डाव पन दावीत नाय."

गोष्ट अशी, की मोर्वान राजाचा धाकटा भाऊ लियान पहिल्याच भागात होडी घेऊन धुक्यात जातो, आणि राजा पुढचे सगळे भाग त्याची वाट बघतो. मधे लढाया, शाप, सर्प, सगळं होतं. काकांना त्याचं काही नव्हतं. त्यांना लियान परत यायला हवा होता. बाजारात तर त्यांनी जाहीरच करून टाकलं होतं. गिऱ्हाइकाच्या पिशवीत कोथिंबीर टाकता टाकता म्हणायचे, "मो दिर त्वा, मादाम, लियान येनार. शनवारी बघा."

शेवटचा भाग लागला तो गणेशचतुर्थीच्या आधीचा शनिवार. चतुर्थीला सहा दिवस उरले होते. काकांच्या घरी दर वर्षी गणपती बसायचा. माती आणलेली होती, नारळ आणलेले होते, आणि आवारात झाकरीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जाखडी नाचाच्या, गाण्यांची तालीम चालली होती. लग्न होऊन आल्यापासून काकींनी त्यात एकदाही खंड पडू दिला नव्हता. त्या दिवशी झाकरीचा म्होरक्या भिवाजी, म्हणजे आमचा बस चालवणारा शेजारी, ढोलकी बाजूला ठेवून मालिका बघायला बसला होता.

शेवटी धुकं फाटलं. होडी दिसली. काकांनी टोपी इतकी घट्ट धरली की तिच्या काड्या मोडल्याचं मला ऐकू आलं. होडी किनाऱ्याला लागली. होडीत लियानचा निळा झगा होता. लियान नव्हता.

आणि मोर्वान राजा, जो सगळे भाग उभा होता, तो वाळूत मटकन खाली बसला. काका मात्र उभेच राहिले. पडद्यावर नावं आली, नावं संपली, बातम्या लागल्या, तरी उभेच.

मग मोरीत गेले, कपड्यांसकट अंगावर पाणी घेतलं, आणि ओलेत्यानं येऊन म्हणाले, "सुतक लागलं. धा दिवस."

आधी आम्ही हसलो. भिवाजी तर ढोलकीवर कोसळून हसला. काकांनी जमिनीवर चटई अंथरली, तेव्हा तो गंभीर झाला.

"तोंतों," तो म्हणाला. तिकडे काकांना तोंतों म्हणतात. "प्रेत दिसलं काय? नाय ना? मग मेला कशावरून? ह्या असल्या गोष्टीत प्रेत दावल्याबिगर कोन मरत नाय. पुढल्या वर्साला येतो बघ दाढी वाढवून."

"होडी रिकामी आली," काका म्हणाले.

"अवो, पन गोत्र काय त्याचं?" काकी कमरेवर हात ठेवून पुढे आल्या. "सांगा की! त्या गोऱ्याचं गोत्र काय? त्याच्यापायी माझा गनपती अडवनार तुम्ही?"

"होडी रिकामी आली," काका पुन्हा म्हणाले.

सुतकाच्या घरात गणपती बसत नाही. भांडण सगळं तिथंच अडकलं. सोमवारी भिवाजी त्याच्या बसमधून कार्तिए मिलितेर गावाहून महाराजांना, म्हणजे तिकडच्या भटजींना, घेऊन आला. महाराजांनी पाट घेतला, घसा साफ केला आणि निर्वाळा दिला, "टीव्हीतल्या मयताचं सुतक लागत नाही. शास्त्रात टीव्ही नाही."

"लागत नाय म्हनून तरी लिवलंय काय?" काकांनी विचारलं.

महाराज चहा न घेता निघून गेले. जाताना माझ्या कानात म्हणाले, "डॉक्टरला दाखवा."

काका दाढी करेनात. बाजार बंद. अळणी भात खायचे आणि चटईवर पडून छताकडे बघायचे. टीव्हीवर त्यांनी चादर टाकली होती. पोरं कुंपणापाशी येऊन "लियान आला! लियान आला!" ओरडायची आणि पळायची. काका ढिम्म. खरं सांगतो, मला त्यांचा राग यायचा, आणि ज्यांचं अन्न खातो त्यांचा राग येतो म्हणून स्वतःची लाजही वाटायची. काकी रोज माझ्या ताटात वाढताना म्हणायच्या, "बाबू, तू बोल. तुजं आयकतील." मी काय बोलणार? यंत्र असतं तर उघडून बघितलं असतं.

चतुर्थीला गणपती भिवाजीच्या घरी गेला. मी घरचा नव्हतो, मला सुतक नव्हतं, म्हणून काकींनी नारळ माझ्या हाती पाठवले. देऊन परत आलो तेव्हा त्या पायरीवर बसल्या होत्या. भिवाजीच्या आवारात झाकरी रंगात आली होती. काकींचा उजवा हात गुडघ्यावर ताल धरत होता. माझं लक्ष गेलंसं दिसताच त्यांनी तो डाव्या हातानं दाबून धरला. त्या घराचा त्या वर्षीचा गणपती गेला तो गेलाच.

दहाव्या दिवशी सकाळी काका माझ्या दाराशी आले. "चल. तुला वाचता येतं."

महाराज येणार नव्हते. काकांनी कुणाकडून तरी हिंदुस्थानात छापलेली विधींची पोथी मिळवली होती. देवनागरी त्यांना वाचता येत नव्हती. मी सातवी नापास, माझं संस्कृत म्हणजे अंधारात जिना उतरणं. पण नाही कसं म्हणू? पिशवीत तीळ, दर्भ, तांब्या, सगळं नीट भरलेलं होतं. कुणी भरलं ते मी विचारलं नाही. काकी पाठ करून तांदूळ निवडत होत्या.

बेल मारच्या किनाऱ्यावर फिलाओच्या, म्हणजे सुरूच्या, झाडांखाली काकांनी दाढी-डोकं करून घेतलं आणि गुडघाभर पाण्यात उभे राहिले. मी वाळूत उभा राहून अडखळत वाचायला लागलो. वाचता वाचता अशी जागा आली जिथं मेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं असतं. मी थांबलो. या पवित्र ओळीत लियान कसा बसवू?

"नारायन," काका म्हणाले.

मी पोथीतून वर बघितलं.

"नारायन बाळाजी. गोत्र काश्यप. माजा धाकटा भाव. वाच."

मी वाचलं. काकांनी ओंजळीतलं पाणी सोडलं. तीन वेळा. मग पाण्यातच, माझ्याकडे न बघता बोलले.

"बोटीनं विलायतेला गेला. तिथं इस्पितळात कपडे धुयाचं काम. इंग्रजाचा झेंडा उतरून आपला चढला त्याच्या दुसऱ्या वर्साला कागद आला, नारायन गेला. कवा? सव्वा वर्साआधी. सव्वा वरीस मी त्याची वाट बघीत होतो आन तो कवाच नव्हता. म्हाराज बोलले, साल उलटलं, आता सुतक नाय, नुसती आंगोळ कर. उसाचा हंगाम होता. आंगोळ केली आन कामाला गेलो."

लाट आली, गेली.

"येक तांब्या पानी, बाबू. येवढा माजा भाव, त्याला येक तांब्या पानी."

"काका," मी विचारलं, "मग त्या दिवशी सांगितलं का नाही? सगळे हसत होते."

"हसू दे. टीव्हीतला खोटा हाय, मला कळत नाय काय? पन होडी रिकामी आली ना. त्या राजाला बसाया जागा तरी गावली."

येताना बसमध्ये काका खिडकीशी बसले. काकांच्या नुसत्या डोक्यावर ऊन पडलं होतं, टाळू कोवळी दिसत होती. मला माझी आई आठवत होती. तिची पत्रं तीन-तीन आठवड्यांनी यायची. पत्र हातात आलं की मी आधी अक्षर कुणाचं ते बघायचो, आणि दुसऱ्याचं असलं तर दिवसभर फोडायचो नाही. हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. फ्लाक जवळ आलं तेव्हा तोंडातून निघून गेलं.

काका खिडकीबाहेरच्या उसावरून नजर काढून माझ्याकडे वळले. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले,

"मो दिर त्वा. तसला कागद आला तर माज्या घरात बसायचं. पुरे धा दिवस. कोन काय बोलतो ते मी बघतो."

त्या वेळी आधार वाटायला हवा होता. मी मात्र मनातल्या मनात, आईचं शेवटचं पत्र कधीचं, ते मोजायला लागलो होतो.