तेरेजामावशीची सात तेलं

तेरेजामावशीला सात वेळा तेल लागलंय. कुणाशी नवी ओळख झाली की ती हे आधी सांगते आणि नाव नंतर.

कोणतं तेल, ते सांगायला हवं. आमच्या कॅथलिक लोकांत माणूस फार आजारी असला की फादर येतात, प्रार्थना करतात आणि त्याच्या कपाळाला व तळहातांना पवित्र तेल लावतात. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हाला शिकवलं होतं की हे तेल आजाऱ्याला बळ यावं म्हणून असतं. पण मुकुंदवाडीतल्या आमच्या गल्लीत त्याचा अर्थ वेगळा आहे. फादर तेल घेऊन एखाद्या घरात शिरले, की शेजारी शवपेटीवाल्याचा नंबर शोधायला लागतात.

मावशीला हे बिलकुल मान्य नाही. "मला बघ की," ती म्हणते. "सात डाव तेल लागलंय. अन् आजबी पन्नास भाकरी थापते. मी मेले का?"

आणि खरंच, ती समोर उभी असते.

ती माझी सख्खी मावशी नाही, अख्ख्या चर्चची आहे. बुटकी, साठीच्या पुढची, एकटी राहते. घरीच ज्वारीच्या भाकरी करून विकते. गल्लीतली कॉलेजची मुलं फडक्यात गुंडाळून नेतात. तिच्या सात तेलांपैकी एक मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशीचं. एक चिकनगुनियातलं. एक कमरेत चमक भरली तेव्हाचं. आणि एक तर नुसत्या खोकल्याचं. आत्ताचे फादर तरुण आहेत, वसईकडचे. त्यांनी समजावून पाहिलं, "मावशी, खोकल्याला तेल नसतं. मोठा आजार लागतो, नाहीतर म्हातारपण."

"मग म्हातारपण धरा ना," मावशी म्हणाली. "खोकला कामून धरता?"

फेब्रुवारीत चर्चमध्ये आजाऱ्यांसाठी खास प्रार्थना असते. सगळे रांगेनं पुढं जाऊन तेल घेतात. गेल्या वर्षी मावशी सगळ्यात आधी घेऊन आली आणि मागून फिरून पुन्हा रांगेत उभी राहिली. फादरांनी ओळखलं. "मावशी, तुम्हाला आत्ताच लागलं ना?"

"ते उजव्या गुडघ्याचं व्हतं."

फादरांनी हसू दाबलं, पण दुसऱ्यांदा तेल दिलं नाही. डाव्या गुडघ्याचं ते दुखणं मावशी पुढं वर्षभर त्यांना ऐकवत होती.

सातांपैकी सहा तेलांचे किस्से मला पाठ आहेत. पहिल्याचं विचारलं की ती म्हणते, "ते लई जुनं हाय," आणि तवा पुसायला लागते.

दर शुक्रवारी दुपारी ती फादरांबरोबर सरकारी दवाखान्यात जाते. वॉर्डात फादरांच्या आधी ती शिरते. पांढरा झगा बघून पेशंट घाबरू नये म्हणून, असं तिचं म्हणणं. एकदा शेजारच्या खाटेवरच्या एका म्हातारीनं तिला हाक मारली, "खाला, हमको बी लगाव ना वो तेल." मावशी म्हणाली, "वो फादर का है आपा. मेरा अपना खोबरेल है." आणि खाली बसून तिनं त्या म्हातारीचे पाय अर्धा तास चोळून दिले. फादर दारात तिची वाट बघत थांबले होते.

हे सगळं मला तोपर्यंत गमतीचं वाटायचं. मग दिवाळीच्या सुट्टीत पप्पांना न्यूमोनिया झाला.

पप्पा मालवाहू रिक्षा चालवतात. आठवडाभर खोकला अंगावर काढला आणि एके सकाळी श्वासच घेता येईना, तेव्हा त्याच सरकारी दवाखान्यात दाखल केलं. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे डॉक्टर काही बोलले की सगळे माझ्या तोंडाकडे बघायचे. मी बी.ए.ला, इतिहास घेऊन. मला फुप्फुसातलं काय कळणार? "दोन-तीन दिवस महत्त्वाचे आहेत," एवढं मात्र कळलं.

शुक्रवारी फादर एकटेच आले. मावशीला त्या दिवशी एका लग्नाच्या भाकरी होत्या. आईनं त्यांना वॉर्डाच्या दारातच अडवलं. "फादर, आत्ता झोपलेत ते. नंतर या."

पप्पा जागे होते. फादर गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "फादर आलते ना?"

"दुसऱ्या पेशंटकडं आले होते," मी म्हणाले.

पप्पांनी भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवशी ते जेवले नाहीत. औषधाची गोळीही तोंडात धरून बसायचे. आईला वाटलं, तेलाला घाबरले. मलाही तेच वाटलं.

मी मावशीकडे गेले. माझं बोलणं अडखळत झालं. आईबद्दल तक्रार केल्यासारखं वाटत होतं. मावशीनं एकदाही मध्ये तोंड घातलं नाही, आणि हे तिच्या बाबतीत विशेषच.

"आईला काय बोलू नको," शेवटी ती म्हणाली. "तिचं काय चुकलं नाय. उद्या चारला येते मी."

रविवारी चारच्या ठोक्याला ती आली, मागे फादर. आई उठून पुढं व्हायच्या आत मावशी पप्पांच्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसली आणि मोठ्यानं कण्हली. "आई गं! फादर, आधी मला लावा. कंबर लई भरलीय. जिना चढून आले."

फादरांनी एकदा तिच्याकडे, एकदा पप्पांकडे पाहिलं. मग त्यांनी डबी उघडली, नीट प्रार्थना म्हटली आणि तिच्या कपाळाला, दोन्ही तळहातांना तेल लावलं. मावशी उठली. कमरेवर हात ठेवून खाटेभोवती गिरकी घेतली. "बघ रे पोरा. आठवं हाय. मेले का मी?"

पप्पा हसले. हसता हसता खोकला आला, आणि खोकला थांबल्यावर त्यांनी स्वतःच दोन्ही हात चादरीबाहेर काढून फादरांपुढं धरले.

"मला वाटलं," ते थांबत थांबत म्हणाले, "चार वर्षं मी चर्चला आलो नाय. म्हणून तुम्ही दारातूनच परत गेलात."

आईनं पदर तोंडाला लावला. फादरांनी पप्पांना तेल लावलं आणि त्यांचे हात बराच वेळ हातात धरून ठेवले. त्या संध्याकाळी पप्पांनी अर्धी वाटी खिचडी खाल्ली आणि सांडली म्हणून मला रागावले. ते रागावले तेव्हा मला बरं वाटलं.

नऊ दिवसांनी पप्पा घरी आले. तेलानं की इंजेक्शनानं, मला ठरवता येत नाही. पप्पा म्हणतात, दोन्ही. त्यांनी मावशीसाठी सीताफळं दिली, ती घेऊन मी गेले. मावशी भाकरी थापत होती.

"मावशी, आता आठ झाली तुमची," मी म्हणाले.

"सातच," ती म्हणाली. "पहिलं माझं नाय. मालकाचं हाय."

भिंतीवर तिच्या नवऱ्याचा फोटो होता. मी तो कितीदा पाहिला होता, कधी विचारलं मात्र नव्हतं.

"कावीळ झालती त्यायला. तीन दिवस म्हणत व्हते, फादरला बोलव. मी नाय बोलवलं. म्हणलं, तेल लागलं की हे जातेत. चौथ्या दिवशी बोलवलं. तवाचे फादर सायकल हाणत आले बिचारे. तवर झालं व्हतं. ते म्हणले, बाई, तेल जित्या माणसाला असतं." तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि वरून पाण्याचा हात फिरवला. "ते डबी बंद करायले, तर मी म्हणलं, मला लावा. मला लई ताप हाय."

पीठ लागलेले दोन्ही तळहात तिनं माझ्यापुढं धरले, तेव्हा धरले असतील तसे. मग तिच्या लक्षात आलं आणि तिनं ते पटकन लुगड्याला पुसले.

तव्यावर भाकरी फुगली. मावशीनं ती उतरवली, फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. "पप्पाला दे. दुधात कुस्करून."

मी दारापर्यंत पोचले तेव्हा तिनं मागून हाक मारली.

"पोरी, फादरला सांगू नको हं."

"काय?"

"ताप नव्हता मला."