हजेरीच्या यंत्राला नेमेसिओने लावलेली शिस्त

"सोमवारपासून ह्या यंत्राला कोणी हात लावायचा नाही. मीसुद्धा नाही!" नेमेसिओने मेयरसाहेबांसमोर छाती पुढे काढून सांगितलं.

सान फेलिनो नगरपालिकेत तो अकरा वर्षं कंत्राटी संगणकवाला होता. दर सहा महिन्यांनी नवा कागद, तीच सही. पण यंदा एक कायमची जागा निघाली होती आणि मेयरसाहेबांनी जाहीर केलं होतं, पुढच्या महिन्याची हजेरी ज्याची चोख, जागा त्याची. म्हणून तर हा आटापिटा!

यंत्राचं दुखणं जुनं होतं. वीज वाचवायला पहारेकरी रोज संध्याकाळी मुख्य बटण बंद करायचा. सकाळी ते चालू झालं की संगणक उठायचा आणि नेटवर्कची वाट न पाहता थेट हजेरी घ्यायला बसायचा. त्याच्या घड्याळाची बॅटरी केव्हाच मेलेली, खरी वेळ यायची नेटवर्कवरून. ती येईपर्यंत चौऱ्याऐंशी माणसं पंधरा वर्षांपूर्वीच्या एक जानेवारीला, रात्री बारा वाजता कामावर हजर! मग नेमेसिओ रोज हाताने प्रत्येकाच्या नावापुढे सकाळचे आठ लिहायचा.

आता त्याने संगणकाला एकच ओळ लिहून दिली: नेटवर्क आल्याशिवाय हजेरी सुरू करायची नाही. शिवाय हाताने वेळ बदलायची सोय मेयरसाहेबांच्या ताब्यात दिली. साहेब खूश!

सोमवारी सकाळी आठला कचेरीचं दर आठवड्याचं झेंडावंदन झालं. चौऱ्याऐंशींपैकी ब्याऐंशी माणसं अंगठे पुढे करून रांगेत उभी. यंत्र ढिम्म!

"नेमेसिओदादा, अंगठा झिजला रे!"

"थांबा जरा. वाट बघतंय ते."

"कोणाची?"

"नेटवर्कची."

"मग जाऊन घेऊन ये की त्याला!"

नेटवर्कचा डबा होता पर्लितामॅडमच्या जन्मदाखल्यांच्या खोलीत, आणि खोलीला कुलूप. मॅडम पावणेदहाला आल्या. मागून पिशवी घेऊन त्यांची भाची मारिबेल, तीही कंत्राटीच. दार उघडलं आणि नेमेसिओने कपाळावर हात मारला. मॅडम रोज दुपारी डब्याचा प्लग उपटून तिथे भाताचा कुकर लावत. दुसऱ्या दिवशी फेसबुक उघडेना, की मग डब्याची आठवण! दहाच्या आधी इंटरनेटची गरज इथे कोणाला पडलीच नव्हती.

प्लग लागला, यंत्र जागं झालं. मॅडमनी रांगेकडे न बघता अंगठा टेकवला, मागोमाग मारिबेलने. सगळ्यांचे अंगठे पुसून देणारा नेमेसिओ शेवटी, दहा वाजून सतरा मिनिटांनी.

"मॅडम, प्लग काढू नका ना," तो काकुळतीने म्हणाला.

"मग भात काय तुझ्या डोक्यावर शिजवू?"

"खोलीची किल्ली तरी द्या!"

"अरे वा! उद्या एखाद्याचा जन्मच हरवला, तर तू देणार परत?"

त्याने पदरच्या पैशाने दोन्ही प्लग लागतील अशी जोडवायर आणली. आग लागेल म्हणून मॅडमनी ती कपाटात ठेवून दिली. संगणकातली ती ओळ पुसावी, तर पुन्हा एक जानेवारी, आणि दुरुस्ती करायची सोय साहेबांकडे! महिनाभर नेमेसिओ साडेसातला येऊन दहानंतर हजर होत राहिला.

महिनाअखेर मेयरसाहेबांनी यादी वाचली. "सगळेच उशिरा! ठीक आहे, यंत्र उघडलं तेव्हा कचेरी उघडली असं धरू. पहिल्या मिनिटाला हजर कोण? रोज पर्लिता आणि मारिबेल! पर्लिता तर आधीच कायम आहे. जागा मारिबेलला!"

"साहेब, मी साडेसातपासून उभा असतो हो!"

"कागदावर कुठंय?"

नेमेसिओला रडू आलं, आणि त्याहून जास्त स्वतःचा राग आला. मेयरसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू नसतास, तर इतकी वक्तशीर मुलगी आमच्या नजरेतच आली नसती!" टाळ्या कडाडल्या.

घरी त्याच्या बायकोने, लूर्देसने, आनंदाच्या भरात मोठी कढईभर पान्सित, सणासुदीच्या शेवया, परतून ठेवली होती. तिचा चेहरा बघून त्याच्याने दारातून आत येववेना.

"काय म्हणाले मेयर?"

"माझं काम उत्तम आहे म्हणाले."

"मग?"

"मग काय? तेच आणखी सहा महिने करायला सांगितलंय."