शिस्तीचा उंदीर

“टायरचं माझ्यावर सोड!” सखोलराव छातीवर हात ठेवून म्हणाले, आणि त्यांच्या बायकोने ते खरोखरच त्यांच्यावर सोडलं. तिची चूक म्हणायची तर एवढीच!

सखोलराव हे काही त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. विमा कंपनीत नुकसानभरपाईचे दावे तपासणारा हा माणूस “मी याचा सखोल अभ्यास केलाय” असं म्हटल्याशिवाय साधं चहाचं मशीनसुद्धा चालू करत नसे. कुणीतरी एकदा गमतीने सखोलराव म्हटलं आणि ते चिकटलं. त्यात चेष्टा आहे हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त सखोलरावांना ती पदवी वाटायची.

बायको दातांची डॉक्टर. आठवडाभर लोकांच्या जबड्यात वाकून वाकून पाठ धरली, की रविवारी सायकल काढून सुटायची. गेल्या वर्षी तिने एका मोठ्या राइडला नाव दिलं होतं. निम्मा रस्ता डांबरी, निम्मा खडीचा. खडीच्या एका वळणावर बारीक टायर सटकला आणि बाई मनगटावर आपटल्या. आता दातांच्या डॉक्टरचं मनगट मोडलं तर उरलं काय? दवाखाना बंद, हात गळ्यात, आणि राइड अर्धवट राहिल्याचं दुःख मनगटाहून मोठं! यंदा तिने पुन्हा नाव दिलं. “मला नंबर नको, काही नको,” ती म्हणाली, “फक्त न पडता पोचायचंय.”

सखोलराव लागले अभ्यासाला! जेवताना टायर, झोपताना टायर. शेवटी त्यांनी निकाल जाहीर केला.

“रुंद आणि ट्यूबलेस! आत ट्यूबच नाही, म्हणून हवा कमी ठेवता येते. हवा कमी, म्हणून टायर खडीवर पसरतो. काटा घुसला तर आतलं पांढरं औषध भोक बुजवतं. मधे गुळगुळीत, म्हणून डांबरावर पळेल. आणि कडेला हे बघ, रबराचे दाते! वळणावर हेच खडी धरून ठेवतात. तुझं मनगट आता या दात्यांच्या हवाली!”

मुक्कामाला आलेल्या सासूबाईंनाही त्यांनी सोडलं नाही. कमी हवेचा टायर कसा दबतो हे त्यांचीच उशी दाबून दाखवलं. “बरं बरं,” म्हणून सासूबाईंनी उशी परत मागून घेतली.

टायर आले. बायको दवाखान्यात आणि सासूबाई दुपारच्या झोपेत, अशी वेळ साधून सखोलरावांनी ऑफिसातून अर्धी रजा काढली आणि गॅलरीत दुकान मांडलं. पुढचा टायर असा बसला, की त्यांनी स्वतःच स्वतःला शाबासकी दिली. मग मागचा बसवला, चाक चढवलं आणि ऐटीत फिरवलं.

खर्रर्र!

चाक अर्धा फेरा मारून थांबलं. चाक धरणाऱ्या मागच्या चिमट्याच्या दोन्ही दांड्यांत टायरचे दाते अडकत होते. मागचा चिमटा पुढच्यापेक्षा अरुंद असतो, ही एवढीशी गोष्ट त्या सखोल अभ्यासात कुठे आलीच नव्हती! माप घेतलं होतं ते पुढचं, उभ्याउभ्या, वाकावं लागू नये म्हणून.

शहाण्या माणसाने बायकोला फोन करून सांगितलं असतं, “अगं, फसलं.” पण रुंद टायरचं माहात्म्य सखोलरावांनी ऑफिसातल्या शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना ऐकवलेलं! आता कुठल्या तोंडाने सांगणार? त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. दाते जरासे कमी केले तर? कात्री वाकली. सुरी घसरून अंगठ्यावर आली. मग बाथरूममधलं नेलकटर आठवलं.

कुट्! एक दाता उडाला. कुट्! दुसरा. काम झकास जमत होतं! एक बाजू संपत आली तेवढ्यात दारात सासूबाई उभ्या.

“जावईबापू, इथे काय कुरतडतंय हो?”

नेलकटर खिशात गेलं. पण फरशीवर काळ्या रबराचे बारीक बारीक दाणे सांडले होते, ते कुठे घालणार? सासूबाईंनी चष्मा लावला, वाकून पाहिलं आणि किंचाळल्या, “अगं बाई! लेंड्या! उंदीर शिरलाय घरात!”

इथे “आई, ते रबर आहे” एवढं म्हटलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. सखोलरावांनी तोंड उघडलंही. पण तोंडातून निघालं भलतंच.

“मलाही संशय होताच. मघाशी शेपटी दिसली!”

सासूबाई जगात कुणाला भीत नसत, एक उंदीर सोडून. त्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या त्या उतरेनातच. उतरल्याच तर घरात बूट घालून, काठी आपटत, “हाड हाड” करत! ती बिचारी बाई उंदराच्या धाकाने जीव मुठीत धरून बसलेली बघून सखोलरावांना कसंसंच झालं. पण टायरची दुसरी बाजू अजून राहिली होती ना! दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा अर्धी रजा, “उंदीर बघतो” म्हणून गॅलरीत शिरून मागे दार ओढून घेतलं, आणि पुन्हा कुट् कुट्. सासूबाईंनी सोफ्यावरूनच लेकीला दवाखान्यात फोन लावला.

“आत्ता खातोय बघ! ऐक, ऐक!” आणि त्यांनी फोन गॅलरीच्या दिशेने उंच धरला.

संध्याकाळी बायको आली. चाक फिरवून पाहिलं. अजिबात आवाज नाही! गॅलरीतल्या अंधुक उजेडात तिला बाकी काही दिसलं नाही. तिने अंगठ्याने टायर दाबला.

“वळणावर धरेल ना रे?”

“ध... धरेल की.”

“तू होतास म्हणून. नाहीतर मला त्या खडीची अजून भीती वाटते.” तिने सखोलरावांच्या खांद्यावर हात ठेवला. तोच हात. मोडलेला.

त्या क्षणी सखोलरावांना लख्ख दिसलं, की आपण नेमके तेच दाते कापलेत, ज्यांच्या हवाली हे मनगट केलं होतं! जेवण जाईना. आपण मूर्ख आहोत हे कळणं एकवेळ सोसतं, पण आपल्या मूर्खपणावर दुसरं कुणी विश्वासाने बसून खडीत जाणार आहे, हे सोसवेना. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की बायको समोर बसलेली असताना ते पाण्याच्या पेल्याकडे बघत राहिले. उद्या सकाळी सांगून टाकायचं, त्यांनी ठरवलं.

शनिवारी सकाळी ते सांगायला उठले आणि दाराची बेल वाजली. सासूबाईंनी उंदीरवाला बोलावला होता! कपाळाला दिवा, पाठीवर पिशवी, आणि चेहऱ्यावर सगळं माहीत असल्याचा भाव.

“काळजी सोडा,” तो आत येता येता म्हणाला. “मी उंदरांचा सखोल अभ्यास केलाय.”

सखोलरावांच्या अंगावर काटा आला.

त्याने एक काळा दाणा तळहातावर घेतला. दाबला, हुंगला, दिव्याखाली धरला. “नर आहे. वयस्कर. आणि याचं पोट साफ होत नाही.”

“कसं हो कळतं तुम्हाला!” सासूबाई सोफ्यावरून कौतुकाने म्हणाल्या.

“दाणा बघा ना किती चिवट आहे! सवयीने कळतं, आई.” मग तो गॅलरीत गेला, रांगला, आणि ओरडला, “सापडलं! रबरावर जगतोय! मॅडम, या इकडे!”

बायको तोंडात ब्रश तसाच धरून आली. मागच्या टायरच्या दोन्ही कडा सफाचट झालेल्या! तिने ब्रश काढला.

“हे उंदराने केलं?”

“शंभर टक्के.”

“दोन्ही बाजूंनी सारखं?”

“शिस्तीचा उंदीर आहे, मॅडम.”

“आणि पुढच्या टायरला शिवलासुद्धा नाही?”

“मागून सुरुवात करतात. ही जातच तशी.”

तिने उंदीरवाल्याचा दिवा मागून घेतला आणि गुडघ्यावर बसून टायर बघू लागली. दाढ बघावी तसा. एकेका कापलेल्या दात्यावरून नख फिरवत. सखोलराव भिंतीला टेकून उभे होते, आणि खरं सांगायचं तर त्यांना चक्क सुटल्यासारखं वाटत होतं. उंदीर! सगळा दोष त्याचा! हातात पुरावा नसेल तर लोकांचे दावे फेटाळून लावणारा हा माणूस, पण हा दावा त्याने डोळे मिटून मंजूर केला असता.

बायको उठली. “कडेचे दाते गेले,” ती म्हणाली. “मग मी उद्या जात नाही. पुन्हा मनगट मोडून घ्यायला मला नाही जमणार.” आणि तिने तयार ठेवलेल्या बॅगेतून हातमोजे काढले, पाण्याची बाटली काढली, आणि एकेक वस्तू टेबलावर मांडायला सुरुवात केली.

“बरंच झालं,” सासूबाई म्हणाल्या. “मेला उंदीर तरी कामाला आला.”

सखोलरावांना ते हातमोजे बघवेनात. वर्षभर बाई पहाटे उठून पाय तोडत होती ती याच दिवसासाठी. तिला घरी कोण बसवतंय? उंदीर! आणि उंदीर कोण?

“अगं...” ते म्हणाले.

“काय?”

“नाही... काही नाही.”

बायकोने एक स्टूल ओढलं. त्यांना खिडकीसमोर, उजेडाकडे तोंड करून बसवलं. आणि पेशंटशी बोलायच्या आवाजात म्हणाली, “तोंड उघड.”

सखोलरावांनी मोठ्ठा आ केला!

“तसं नाही. बोलायला उघड.”

मग मात्र बांधच फुटला. अर्धी रजा, खर्रर्र, सुरी, अंगठा, दाणे, शेपटी, सगळं सगळं बाहेर पडलं. शेवटी त्यांनी खिशातलं नेलकटर काढून तिच्या तळहातावर ठेवलं. त्याच्या जबड्यात रबराचा एक दाणा अजून अडकलेला होता.

सासूबाईंनी सोफ्यावरून एक पाय हळूच खाली सोडला.

“म्हणजे उंदीर नाहीच?”

“आई, पाय वर घ्या!” उंदीरवाला कडाडला. “यांचं काही ऐकू नका! उंदीर नाही म्हणताय, तर शेपटी कुणी बघितली?”

सगळ्यांनी सखोलरावांकडे पाहिलं.

“मी,” ते म्हणाले.

“मग!”

“तीही खोटीच होती हो.”

“आधी सगळे असंच म्हणतात,” उंदीरवाला म्हणाला आणि त्याने दोन पिंजरे लावलेच.

बायको हसली नाही, ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं सखोलरावांना वाटलं.

“मी दिवसभर दातच बघते,” ती हळू आवाजात म्हणाली. “उंदराच्या दाताचे जोडीने चरे पडतात. हा सरळ कापलेला आहे. बघितल्याबरोबर कळलं मला.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू किती वेळ उंदरामागे लपतोस ते बघत होते.”

सखोलरावांची मान खाली गेली. स्टुलावरून उठायचीसुद्धा हिंमत होईना.

“जुना टायर कुठे ठेवलास?”

“माळ्यावर.”

“आण.”

तो त्यांनी आणला. बायकोने मागचा रुंद टायर काढला, त्या जागी जुना बारीक टायर ट्यूबसकट चढवला, हवा भरली, चाक फिरवलं. उंदीरवाल्याची पिशवी भरून व्हायच्या आत काम संपलं!

“मागे बारीक असला तरी मला पुरतो,” ती हात पुसत म्हणाली. “गेल्या वर्षी घसरलं ते पुढचं चाक. मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं.”

आणि खरंच, इतक्या अभ्यासात सखोलरावांनी जगभरच्या लोकांची मतं वाचली होती. सायकल चालवणाऱ्या बाईला तेवढं विचारायचं राहिलं होतं.

रविवारी राइड जिथे संपणार होती तिथे दोरीपाशी सखोलराव पिशवी धरून उभे राहिले, शेजारी सासूबाई, अजूनही बुटात. एकेक जण धुळीने माखून येत होता. प्रत्येक सायकल दिसली की सखोलराव आधी हात बघायचे, मग चेहरा. आणि मग ती आली! केसांत धूळ, दातांत धूळ, आणि दोन्ही मनगटं सरळ! दोरी ओलांडल्यावर तिने दोन्ही हात वर करून दाखवले. सखोलरावांना रडू आलं ते त्यांनी पिशवीत तोंड घालून आवरलं.

तेवढ्यात एक उत्साही गृहस्थ आपली भारी सायकल हाताने ढकलत आला. बायकोच्या सायकलीपुढे वाकला, मागे जाऊन वाकला.

“पुढे रुंद, मागे बारीक! वळणावर काय धरत होती हो तुमची सायकल! मी मागून बघत होतो. कुणाचं डोकं हे?”

बायकोने हेल्मेट काढलं. चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता तिने सखोलरावांकडे बोट केलं. “त्यांना विचारा. त्यांनी अभ्यास केलाय.”

गृहस्थाने लगेच मोबाइल काढून टिपून घ्यायला बोट तयार ठेवलं. “सांगा ना! कसा काय केलात हा विचार?”

सखोलरावांच्या जिभेवर सगळं आलं. रबर, खडी, हवा, पकड! बायको हातमोजे काढत त्यांच्याकडेच बघत होती.

“पुढचा केला होता हो,” ते म्हणाले, “मागचा राहून गेला.”

गृहस्थ थबकला. त्याने ते वाक्य मनात दोनदा घोळवलं, मान डोलावली आणि आदराने म्हणाला, “वा! फार खोल बोललात!”

आणि तो ते टिपून घेऊ लागला. मागून बायको फिसकन हसली, शनिवारपासून पहिल्यांदाच. सखोलरावांनी सासूबाईंचा हात धरला आणि ते तरातरा गाडीकडे निघाले.

“अहो, थांबा!” मागून गृहस्थ ओरडत होता. “मागचा का राहिला तेही सांगा ना!”

सखोलरावांनी चाल वाढवली.