एक बीळ चाखून बघू

एका जंगलात, म्हणजे शनिवार-रविवारी जिथे एकही प्राणी घरी सापडत नाही अशा एका सुधारलेल्या जंगलात, काटकर नावाचं साळिंदर राहत होतं. अंगावर काटे होते आणि स्वभावात काटकसर होती. आता यातलं आडनावात नेमकं काय उतरलं, ते तुम्हीच ठरवा, बाळांनो.

काटकरांना एक खोड होती. चाखल्याशिवाय ते काही विकत घेत नसत. आठवडी बाजारात गेले की या टोपलीतली चार बोरं तोंडात टाकायची, "आंबट आहेत" म्हणायचं आणि पुढे सरकायचं. पुढच्या ढिगातल्या शेंगा फोडून खायच्या, "खवट आहेत" म्हणायचं, पुढे सरकायचं. बाजार संपेपर्यंत पोट भरलेलं असे आणि पिशवी रिकामी. मागून त्यांच्या सौभाग्यवती कमळाबाई खाली मान घालून चालत.

या कमळाबाईंचं एक दुःख होतं. नाव कमळा, पण जन्मात कमळ पाहिलेलं नव्हतं. जंगलाच्या टोकाला एक तळं आहे, तिथे कमळं सकाळी उमलतात आणि ऊन डोक्यावर आलं की मिटतात, असं त्यांची आई सांगायची. लग्नात काटकरांनी उखाणाच घेतला होता :

"तळ्याच्या पाण्यात कमळांचा मळा,
बघायला नेईन तुला गं कमळा!"

उखाण्याला पैसे पडत नाहीत, म्हणून त्यांनी तो अगदी दिलखुलास घेतला. त्यानंतर कमळाबाईंची पिल्लं मोठी झाली, त्यांना पिल्लं झाली. तळं आपलं होतं तिथेच राहिलं.

अशात जंगलात गोल्फ आला.

गोल्फ म्हणजे काय, बाळांनो? एक एवढंसं बीळ असतं आणि एक एवढासा चेंडू. चेंडू बिळात घालायचा. तुम्ही म्हणाल, मग त्यात काय, जवळ जाऊन टाकावा. तसं नाही. आधी चेंडू बिळापासून लांब नेऊन ठेवायचा आणि मग काठीने मारत मारत परत आणायचा. अशी अठरा बिळं.

"त्या बिळांत राहतं कोण?" कमळाबाईंनी विचारलं.

"कुणीच नाही, वहिनी," शेजारचे भालेराव म्हणाले. भालेराव हे अस्वल. मनाने भोळे, अंगाने भरलेले, आणि येता-जाता दुसऱ्याच्या हातावर मध ठेवणारे.

"मग खणली कशाला?"

याचं उत्तर जंगलात अजून कुणी दिलेलं नाही.

काटकरांचा जीव मात्र या खेळाच्या एकाच नियमावर जडला. जो सगळ्यांत कमी फटके मारतो, तो जिंकतो. "म्हणजे काटकसरीला बक्षीस!" ते म्हणाले. "हा खेळ आपल्यातल्याच कुणीतरी काढलेला दिसतो."

अडचण एकच होती. जंगलाच्या मधोमध मैदान होतं ते सिंहमहाराजांचं. तिथली फी कुणाला परवडत नसे आणि हरणाबिरणांना तर स्वतः महाराजही परवडत नसत. म्हणून बाकीचे प्राणी शनिवार आला की गाडी काढून लांबलांबची परवडणारी मैदानं हुडकत फिरत.

"तळ्याच्या रस्त्याला अशी मैदानं खूप आहेत," भालेराव म्हणाले. "गाडी माझी, काठी-चेंडू माझे. दोन दिवस मजेत जाऊन येऊ. शेवटचं मैदान तर थेट तळ्याकाठी आहे, आणि तिथे फी नाही म्हणे."

काटकरांनी "फी नाही" एवढंच ऐकलं. कमळाबाईंनी "तळ्याकाठी" एवढंच ऐकलं. दोघंही एकदम हो म्हणाले. लग्नानंतर असं पहिल्यांदाच होत होतं.

शनिवारी उजाडायच्या आत कमळाबाईंनी रताळ्याच्या दशम्या बांधून घेतल्या आणि त्या गाडीत जाऊन बसल्या. वाटेत कुठे थांबलं नाही, तर कमळं मिटायच्या आत तळं गाठता येणार होतं.

पण वाटेत सशाचं मैदान लागलं.

"मैदान कसं दिलं?" गाडीतून उतरत काटकरांनी विचारलं. अगदी वांगी कशी दिली, तसं.

ससा गोंधळला. "दिलं म्हणजे... डोक्यामागे एक टोपली गाजरं. अठरा बिळं खेळायला मिळतील."

"अठरा घ्यायची आणि घरी जाऊन सगळी किडकी निघायची! आधी एक बीळ चाखून बघू."

आता बीळ चाखायला नाही म्हणावं, असा नियम कुठल्याही मैदानावर लिहिलेला नव्हता. कारण असं काही कुणी मागेल, हे नियम करणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. ससा भिडस्त. "बघा," म्हणाला.

काटकरांनी भालेरावांची काठी घेतली, चेंडू मारत मारत नेला, बिळात घातला. मग वाकून बिळात डोकावले आणि तोंड वाकडं केलं.

"उथळ आहे हो. नको. पुढे बघू."

भालेरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी मागे राहून सशाच्या हातावर मधाचं पोळं ठेवलं आणि मग गाडी हाकली.

पुढे रानडुकराचं मैदान लागलं. ते बिचारं स्वस्तच होतं, कारण बिळं कुठली आणि मालकाने सवयीने उकरून ठेवलेले खड्डे कुठले, हे ओळखू येत नव्हतं. काटकरांनी एक बीळ चाखलं आणि "माती फार लागते" म्हणाले. मग मोराचं मैदान आलं. तिथे प्रत्येक फटक्याला मोर नाचून दाखवायचा आणि नाचाचं वेगळं मागायचा. काटकरांनी डोळे मिटून बीळ चाखलं. भालेराव प्रत्येक ठिकाणी मागे राहत, मध देत आणि ओशाळं हसत पुढे येत.

"अहो," कमळाबाई म्हणाल्या, "ऊन चढलं. कमळं मिटतील."

"मिटली तर उद्या उमलतील. त्यांना काय उमलायला पैसे पडतात?"

शनिवार असा चाखण्यातच संपला.

रविवारी सकाळी काटकर उठले ते आनंदाने उड्या मारतच. त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली होती. या मैदानावर एक, त्या मैदानावर एक, असं जर शेवटपर्यंत चाखत गेलं, तर पुरती अठरा बिळं होतात! अख्खा खेळ, आणि दमडी न मोडता! बापजाद्यांत कुणी असा गोल्फ खेळलं नव्हतं. आता वाटेवरचं एकही मैदान सोडणं शक्यच नव्हतं.

"आज तरी थेट जाऊ या ना," कमळाबाई म्हणाल्या. "उद्या सोमवार. आजच काय ते दिसलं तर दिसेल."

"अगं, वाटेवरच तर आहेत सगळी."

वाटेवर होतीच. प्रत्येक मैदानाला गाडी थांबत होती आणि सूर्य मात्र कुठेच थांबत नव्हता. कमळाबाईंना रडू आलं. इतकी वर्षं गेली तेव्हा आलं नव्हतं, पण आता तळं इतकं जवळ होतं की सहन होईना. दशम्यांचं गाठोडं तसंच मांडीवर होतं. एकही दशमी त्यांच्या घशाखाली उतरली नव्हती.

सतरावं बीळ चाखून झालं तेव्हा सावल्या पायाखाली यायला लागल्या होत्या. गाडीने एक वळण घेतलं आणि समोर तळं दिसलं. तळ्यावर मोठी पाटी होती : 'मैदान सर्वांना फुकट. चेंडू पाण्यात गेल्यास ज्याचा त्याने काढून घ्यावा.'

पाटीखाली मालक उभे होते. श्रीयुत मगर. डोळ्यांत पाणी आणून ते म्हणाले, "या, या. किती दिवसांनी पाहुणे आले!"

"मैदान कसं दिलं?" काटकरांनी विचारलं.

"फुकट."

काटकर अडखळले. फुकट वस्तू नाकारायची त्यांना सवय नव्हती. पण खोड ती खोड.

"तरी एक बीळ चाखून बघतो."

"अवश्य," मगर म्हणाले. "चाखल्याशिवाय घेऊच नये. मीही नाही घेत."

कमळाबाईंचं इकडे लक्ष नव्हतं. त्या काठाकडे धावल्या होत्या. कमळं होती, पण लांब, तळ्याच्या मध्यावर. मिटत चालली होती. म्हाताऱ्या डोळ्यांना इथून नुसते गुलाबी ठिपके दिसत होते. त्या पाण्याशी बसल्या आणि ठिपक्यांकडेच बघत राहिल्या.

इकडे काटकरांनी अठराव्या बिळाकडे चेंडू मारला. मैदानाचा उतार सगळा तळ्याकडे होता. चेंडू घरंगळला आणि डुबुक करून पाण्यात गेला.

"राहू द्या, मी काढतो," भालेराव म्हणाले आणि विजार वर करून निघाले.

मगर त्यांच्या पोटऱ्यांकडे मायेने बघत हळूच पाण्यात शिरले. "या ना," ते म्हणाले, "आपण या. मध खाता वाटतं?"

"थांबा!" काटकर ओरडले. "तुम्ही चेंडू काढलात तर अठरावं बीळ तुमच्या नावावर जाईल! सतरा चाखली आहेत मी, सतरा!"

आणि भालेरावांना ढकलून त्यांनी स्वतःच पाण्यात उडी मारली.

पाणी एकदम ढवळलं. मगरांचा जबडा उघडला आणि मिटला. काटकर दिसेनासे झाले. कमळाबाई ताडकन उठल्या. "अहो!" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

तेवढ्यात "थूः!" असा आवाज झाला आणि काटकर हवेतून गिरक्या घेत थेट तळ्याच्या मध्यावर, कमळांत जाऊन पडले. तिथून हातपाय मारत, धापा टाकत ते काठाला लागले. चेंडू सापडला नव्हता. पण पाठीवरच्या काट्यांत एक कमळ अडकून आलं होतं, देठासकट. अजून पुरतं मिटलं नव्हतं.

नवरा धड आहे एवढं कमळाबाईंनी एका नजरेत पाहून घेतलं. मग हलक्या हाताने काट्यांतून कमळ सोडवलं आणि ओंजळीत धरलं. आई सांगायची त्याहून ते मोठं होतं.

"बघ," काटकर धापा टाकत म्हणाले, "फुकट मिळालं की नाही?"

मगर पलीकडे जबड्यातले काटे उपटत बसले होते. आज त्यांच्या डोळ्यांतलं पाणी खरं होतं.

कमळाबाईंनी त्यांना विचारलं, "काय हो, कशी लागली चव?"

"नको, बाई," मगर कण्हले. "न्या परत. हा माल आपल्याला परवडायचा नाही."

कमळाबाईंनी कमळाचा वास घेतला.

"मला सांगताय?" त्या म्हणाल्या. "मी तर न चाखता घेतला होता."

तात्पर्य : बाळांनो, गोड बोलावं, गोड वागावं, पण चवीला गोड असू नये.