अदृश्य डस्टरचं गूढ

"मुंबईतल्या मोजक्या तीन डिटेक्टिव्हांपैकी मी एक. उरलेल्या दोघांची नावं गुप्त आहेत," अशी हितेंद्र सावे स्वतःची ओळख करून देत असे. गुन्हेगार त्याची सावली बघूनच कबुली देतात, असं तो म्हणे. उरलेल्या वेळात तो प्रभादेवीतल्या एका लिफ्ट दुरुस्ती कंपनीत बिलं टाईप करायचा. हा उरलेला वेळ दहा ते सहा आहे, अशी कंपनीची समजूत होती.

या बुद्धिमत्तेची सगळ्यात जास्त झळ शेजारच्या टेबलावरच्या दौलत परबांना बसे. दौलतराव तक्रारींचा फोन सांभाळत. कुठली लिफ्ट कुठे अडकली ते संध्याकाळी पांढऱ्या फळ्यावर लिहून ठेवत, आणि सकाळी मेकॅनिक ते वाचून निघत. व्हॉट्सॲपवरही टाकून बघितलं होतं, पण तिथे गुलाबांच्या शुभ सकाळीखाली तक्रार गाडली जाई. फळा बरा चालला होता. मग गेल्या पंधरवड्यात तो सकाळी कोरा सापडू लागला.

लालबागच्या एका इमारतीत नवरी हळदीच्या अंगाने सात मजले चढून गेली. तिच्या मामाने मालकांना फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मालक अभय शेठनी दौलतरावांना केबिनमध्ये बोलावलं.

"दौलतराव, लिहायचंच राहून जातंय का? वय होतं माणसाचं. सोमवारीही फळा कोरा दिसला तर एक तारखेपासून घरी आराम करा."

आराम म्हटला की घरी बायको सुंदराबाई दौलतरावांना दिवसभर मेथी निवडायला बसवणार, हे तर होतंच. पण आपण न लिहिताच लिहिलं म्हणतो, असं कोणाला वाटावं, हे त्यांना फार लागलं. आता तर त्यांचा स्वतःवरचाही विश्वास उडत चालला होता.

"केस माझी," हितेंद्र म्हणाला. "तुम्ही असिस्टंट."

"अरे, पण मी तर आरोपी आहे ना?"

"दोन्ही पोस्ट सांभाळा. स्टाफ कमी आहे."

ऑफिसात कॅमेरा होता, पण तो शेठनी बिस्किटांच्या डब्याकडे वळवून ठेवला होता. तेव्हा हितेंद्रने मेंदू वापरायचं ठरवलं. पहिला संशय शाईवर. दुसऱ्या कंपनीने आपोआप उडणारी शाई भरून मार्कर बदलला असणार, म्हणून त्याने मार्कर चाटला. जीभ दोन दिवस निळी राहिली आणि शाईवरचा संशय मावळला. मग त्याने समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याला धरलं. तोही सुटला.

"परब, तुम्हाला झोपेत पुसापुशी करायची सवय आहे का?"

"मला जागेपणीही नाही. घरी हिला विचार."

तेवढ्यात कोपऱ्यात मेघनाने हात वर केला. ही अकरावीतली मुलगी. परळच्या एका शाळेने 'कमवा आणि शिका' म्हणून मुलं आसपासच्या ऑफिसांत कामाला धाडली होती, त्यांतली ही इथे आली होती. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येई, वॉचमनकडून किल्ली घेई आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत पाठ ताठ ठेवून बसे.

"जाऊन ये," हितेंद्र म्हणाला. "पॅसेजच्या टोकाला आहे."

मेघना मुकाट्याने उठून टॉयलेटला जाऊन आली. आल्यावर पुन्हा हात वर केला, तेव्हा हितेंद्रने तिला पुन्हा पाठवली.

"सकाळी ही असते ना रे इथे?" दौलतरावांनी विचारलं.

"ती? ती शाळेची आहे. ती मोजायची नाही."

शनिवारी संध्याकाळी दौलतरावांनी फळ्यावर एकेक अक्षर दोनदा गिरवलं. त्यांच्यामागे हितेंद्रने जमिनीवर कॅरमची पावडर शिंपडली.

सोमवारी फळा लख्ख कोरा होता. पावडरीत मात्र पावलं उमटली होती. दारातून फळ्यापर्यंत, आणि फळ्यापासून थेट मेघनाच्या खुर्चीपर्यंत.

हितेंद्र गुडघ्यांवर बसला. "पावलं छोटी आहेत. म्हणजे चोर धिप्पाड आहे आणि मुद्दाम पाय आखडून चालतो. काम झाल्यावर तो या निष्पाप मुलीच्या खुर्चीत टेकला." मेघनाचे काळे बूट पांढरे झाले होते. तिचा हात वर होता.

नेमक्या त्याच वेळी शाळेच्या सुचित्रा मॅडम मुलीचं काम कसं चाललंय ते बघायला आल्या. अभय शेठ केबिनमधून बाहेर आले. कोऱ्या फळ्याकडे आणि मग दौलतरावांकडे बघून त्यांनी मान हलवली. दौलतराव गुपचूप डबा पिशवीत भरू लागले.

मॅडमना वर केलेला हात दिसला. वीस वर्षांची सवय.

"हं मेघना, बोल."

मेघना उभी राहिली. "मॅडम, फळा मी पुसते. पहिल्या तासाच्या आधी मॉनिटरने पुसायचा असतो ना, म्हणून. आज निघतच नव्हता, ओल्या फडक्याने घासला."

"अगं, मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?" शेठनी विचारलं.

"हात वर करत होते सर. पण हे सारखं टॉयलेटला पाठवत होते."

"मला फक्त कबुलीजबाब हवा होता," हितेंद्र म्हणाला.

शेठ लालबुंद झाले. "मॅडम, हिला परत घेऊन जा. आमचा धंदा बसला असता."

दौलतरावांना खरं तर हलकं वाटलं होतं. आपलं डोकं ठिकाणावर आहे, याचा त्यांना फार आनंद झाला होता. पण मेघनाचा चेहरा बघून तो आनंद फार टिकला नाही.

"शेठ, पंधरवडा झाला पोरीला येऊन," ते म्हणाले. "आपल्यापैकी एकाने तरी तिला काम सांगितलं का? मीपण नुसतं बस म्हटलं. तिला जे येत होतं, ते तिने केलं."

इतक्यात तक्रारींचा फोन वाजला. दौलतरावांनी मेघनाकडे बघून मान हलवली. "उचल."

तिने दोन्ही हातांनी रिसीव्हर धरला, नीट ऐकून घेतलं, नाव विचारलं, पत्ता विचारला.

"घाबरू नका आजी, खाली बसा," ती म्हणाली. "आमचे दौलतकाका आत्ताच माणूस पाठवतायत. ते इथेच असतात."

अभय शेठ काहीतरी बोलणार होते, पण आता कंपनीने शब्द दिला होता. दौलतरावांनी डबा पिशवीतून काढून टेबलावर ठेवला आणि मेकॅनिकला फोन लावला.